पीएचपीवर सात वर्षे काढल्यानंतर दुसरी भाषा शिकावी का, आणि शिकावी तर कोणती?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नमस्कार. गेली सात वर्षे मी कोल्हापुरातच एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर म्हणून काम करते. आम्ही एकूण अकराजण आहोत. साखर कारखान्यांच्या शेती विभागाची कामे, काही पतसंस्थांचे हिशेब आणि दोन महाविद्यालयांची फी-वसुली हा आमचा मुख्य व्यवसाय असून हे सर्व पीएचपी ही वेबसाठीची प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांत लिहिलेले आहे. माझ्या वाट्याला मुख्यतः ऊसबिलाचे काम येते. सभासदाची नोंद, तोडणीची पाळी, वजनकाट्यावरील पावती, त्यावरून पंधरवड्याचे बिल, त्यातून सेवा संस्थेच्या कर्जाची कपात आणि शेवटी बँकेला पाठवायची यादी, असा हा प्रवास मला आता तोंडपाठ आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यामुळे गाळप हंगामात आमच्या कार्यालयात रात्रीचे नऊ सहज वाजतात. ते काम मला आवडते, हे आधीच नमूद करते.

प्रश्न असा आहे की गेल्या दोन वर्षांत मी नवे काही शिकले, असे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. लारावेल ही पीएचपीची तयार चौकट आली, आवृत्त्या बदलल्या, पण कामाचा साचा तोच राहिला. एका ग्राहकाकडे तर अजूनही पीएचपी ५.६ चालू आहे. तिला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ रोजीच थांबली. मालकांना मी दोनदा सांगितले, परंतु चालते आहे तोवर हात लावू नये, असे त्यांचे मत आहे.

दोन महिन्यांपूर्वी घरून करता येईल अशा एका नोकरीसाठी माझी मुलाखत झाली. पहिल्या वीस मिनिटांतच मला विचारण्यात आले की पीएचपीखेरीज कोणत्या भाषेत प्रत्यक्ष काम केले आहे. मी खरे ते सांगितले आणि मुलाखत तिथेच संपल्यासारखी झाली. त्या दिवसापासून हा विचार डोक्यातून जात नाही.

माझ्यासमोर तीन नावे आहेत. पायथन सर्वजण सुचवतात. जावा शिकल्यास पुण्याच्या कंपन्यांची दारे उघडतात, असे ऐकते. गो ही भाषा लहान आहे आणि लवकर हाताशी येते, असे एका मैत्रिणीचे म्हणणे आहे. मुलगा चार वर्षांचा असल्याने आणि यजमानांची नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असल्याने कोल्हापूर सोडणे शक्य नाही. रोज रात्री साधारण दीड तास मला मिळतो आणि त्यातही मुलगा आजारी पडला की खंड पडतो. एवढ्या वेळात काय हाती घ्यावे, की भाषेचा विचारच सोडून आहे तेच अधिक खोलवर शिकावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

---

शिरोली_फाउंड्री

ताई, मी मूळचा सॉफ्टवेअरचा माणूस नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत विद्युत आणि नियंत्रण विभाग सांभाळतो. मी पायथन का शिकलो आणि कसा शिकलो ते सांगतो. त्यातून तुमच्या उपयोगाचे काही निघाल्यास पाहा.

आमच्याकडे इंडक्शन भट्टी आहे. तिचे नियंत्रण पीएलसीवर, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर, चालते आणि त्या पीएलसीचा प्रोग्राम लॅडर पद्धतीने, म्हणजे पूर्वीच्या रिले-पॅनेलच्या आकृतीसारखा, रेषा आणि संपर्कबिंदू काढून लिहिलेला असतो. मला येणारी भाषा म्हणजे तेवढीच होती. ग्राहक कंपन्या आता प्रत्येक कास्टिंगचा हीट नंबर (भट्टीतील एका वेळच्या वितळणीचा क्रमांक) मागतात. ते कोणत्या हीटमधून ओतले, त्या वेळी धातूचे तापमान किती होते आणि वाळूत ओलावा किती होता, हे सर्व दाखवावे लागते. आमचा ऑपरेटर ते वहीत लिहीत असे. ब्लोहोलमुळे, म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेल्या वायूच्या पोकळीमुळे, माल परत आला की आम्ही ती वही चाळत बसायचो आणि निम्म्या नोंदी वाचता येत नसत.

पीएलसीमधून हे आकडे मॉडबस या पद्धतीने वाचता येतात. ही पद्धत १९७९ मधली आहे आणि आजही आपल्या औद्योगिक वसाहतींतील कितीतरी यंत्रे तीच बोलतात. पायथनमध्ये तिच्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोडसंच, आहे, एवढ्याच कारणावरून मी पायथन निवडली. भाषा चांगली की वाईट, हा विचार मी केलाच नाही. पंधरा दिवसांत दर दहा सेकंदांनी आकडा वाचून साठवणारा प्रोग्राम तयार झाला आणि मी फार आनंदलो.

तिसऱ्या दिवशी धातूच्या एकूण वजनाचा आकडा ६५,५३५ पर्यंत चढला आणि एकदम शून्यावर आला. मला वाटले, काटा बिघडला. चार दिवस मी काट्याच्या मागे होतो. शेवटी समजले की मॉडबसचे एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा एक कप्पा, १६ बिटांचे असते, त्यात त्याहून मोठी संख्या मावतच नाही आणि मोठ्या संख्येसाठी दोन रजिस्टरे मिळून वाचावी लागतात. तसे वाचले, तर आकडा कोटींत येऊ लागला, कारण त्या यंत्रात दोन रजिस्टरांचा क्रम मी धरला होता त्याच्या उलट होता. संख्या स्मृतीत कशी राहते, हे डिप्लोमाला असताना मी परीक्षेपुरते पाठ केले होते. ते समजले मात्र त्या आठवड्यात.

माझे म्हणणे एवढेच आहे की तुमच्या हातात आज असे कोणते काम आहे, जे पीएचपीत नीट होत नाही, ते आधी शोधा. ते काम सापडले की भाषा तेच सांगेल. काम नसताना पायथनचे पाठ गिरवायला घेतले, तर दीड तासाचा अभ्यास पावसाळा संपेपर्यंत टिकणार नाही, असे मला मनापासून वाटते. मी स्वतः त्याआधी दोनदा असे वर्ग अर्धवट सोडले होते.

---

जुना_फॉक्सप्रो

मी १९९६ पासून पतसंस्थांची कामे करतो आहे. सुरुवात डॉसवरील फॉक्सप्रो या डेटाबेस-भाषेने झाली. आवर्त ठेव, पिग्मी, तारण कर्ज, दैनंदिन शिलकेवरील व्याज हे सर्व मी त्यात लिहिले. त्यानंतर व्हिज्युअल बेसिक ६ आणि व्हिज्युअल फॉक्सप्रो, अशा दोन भाषा एकाच वेळी वापरल्या. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, नववी, २००४ मध्ये आली. पुढची आवृत्ती काढणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही संपला. व्हिज्युअल बेसिक ६ च्या साधनाचा आधार त्याआधीच, एप्रिल २००८ मध्ये, बंद झाला होता. म्हणजे ज्या दोन भाषांवर माझे घर चालत होते, त्या दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत मिटल्या.

त्या काळात मी घाबरून गेलो होतो, हे लपवत नाही. वयाची चाळिशी जवळ आली होती. दोन वर्षे मी जे दिसेल ते शिकत सुटलो. जावाचे पुस्तक आणले, पर्ल पाहिली, डेल्फीही थोडी केली. यांपैकी एकाही भाषेत मी ग्राहकाला दिलेली एक ओळ नाही. अखेर सी शार्प शिकलो, तेही एका पतसंस्थेला संगणकीकरण नव्याने करायचे होते आणि ठरलेल्या तारखेला द्यायचे होते म्हणून. ती भाषा तीन महिन्यांत आली. मात्र व्याजाचा हिशेब, वर्षअखेरीची तरतूद आणि लेखापरीक्षक कोणता तक्ता मागतो याचे ज्ञान यायला मला दहा वर्षे लागली होती आणि नव्या भाषेत ते जसेच्या तसे चालले.

आता तुमच्यासंबंधी. ताई, तुम्ही तीन नावे लिहिलीत, परंतु एक भाषा तुम्ही रोज वापरता आणि तिचा उल्लेखही केला नाहीत. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा. एडगर कॉड यांनी संबंधाधारित विदेची (म्हणजे तक्त्यांत मांडलेल्या डेटाची) कल्पना १९७० मध्ये मांडली, १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यावर भाषा रचली आणि १९८६ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. माझ्या सर्व भाषा गेल्या, ती राहिली. बहुतेक प्रोग्रामर तिच्यातले निवडा, जोडा आणि गटवार बेरीज करा एवढेच वापरतात आणि उरलेले काम लूपमध्ये, म्हणजे एकेक नोंद घेऊन, करतात. मायएसक्यूएल ८.० एप्रिल २०१८ मध्ये आले, तेव्हापासून त्यात विंडो फंक्शन्स आहेत. सभासदनिहाय उसाची चढती बेरीज, मागच्या पंधरवड्याशी तुलना किंवा गटातील क्रम या गोष्टी एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एकाच प्रश्नात, होतात. तुमच्या पंधरवड्याच्या बिलाला किती वेळ लागतो? क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारा शब्द) लावून तुम्ही शेवटचे कधी पाहिले होते? याचे उत्तर स्वतःला दिल्याशिवाय चौथ्या भाषेकडे वळू नये, असा माझा सल्ला आहे.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

काका, तुमचा प्रश्न वाचून मी आज सकाळी कार्यालयात पहिले काम तेच केले. पंधरवड्याच्या बिलाला सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि ती तशीच लागणार, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. आतला कोड माझाच आहे, पाच वर्षांपूर्वीचा. सभासदांच्या यादीवर लूप आहे आणि लूपच्या आत प्रत्येक सभासदासाठी पावत्यांची वेगळी, कपातीची वेगळी आणि मागील बाकीची वेगळी, अशा तीन क्वेऱ्या आहेत. अठरा हजार सभासद धरले तर हा आकडा कुठे जातो, ते मी पहिल्यांदाच मोजले. पावत्यांच्या तक्त्यावर सभासद क्रमांक आणि तारीख यांचा एकत्रित इंडेक्सही (शोध जलद करणारी सूचीही) नाही. मला वाईट वाटले, पण कुठून सुरुवात करायची ते समजले. आमचा मायएसक्यूएल अजून ५.७ आहे. तो बदलण्याचा विषय मी काढला आहे.

---

हिंजवडीहून_परत

वरील दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, परंतु मूळ प्रश्न नोकरीतील प्रगतीचा आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, असे मला वाटते. मी बारा वर्षे पुण्यात जावावर काम केले, त्यांतील पाच वर्षे उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या आणि आता कोल्हापुरात राहून त्याच कंपनीचे काम घरून करतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालते, ते स्पष्ट लिहितो.

पहिली चाळणी भाषेच्या नावावरच होते. ते योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय आहे. जिथे दोनशे अर्ज येतात, तिथे कोणीही दोनशे माणसांचे व्यवसायज्ञान तपासत नाही. ऊसबिलाचे तुमचे ज्ञान कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत मोलाचे आहे, पण बंगळुरूच्या विमा कंपनीला त्याची किंमत कळणार नाही. तेव्हा ‘काम भाषा सांगेल’ हे तत्त्व आहे त्या जागी वाढण्यासाठी खरे आहे, जागा बदलण्यासाठी अपुरे आहे.

दुसरी गोष्ट कटू आहे. जावा शिकून तुम्ही अर्ज केलात, तर तुमची सात वर्षे सात म्हणून मोजली जाणार नाहीत. बहुतेक ठिकाणी ती दोन-तीन धरतात आणि त्या हिशेबाने पद देतात. काहींना हे सोसते, काहींना सोसत नाही. भाषा शिकायला लागणारा वेळ सर्वजण मोजतात, पण भाषा बदलल्यावर खाली उतरावी लागणारी पायरी कोणी मोजत नाही, आणि घर चालवणाऱ्या माणसाने ती आधी मोजली पाहिजे.

जावाविषयी एवढेच सांगेन की तिला मरण जवळ नाही. १९९५ पासून ती आहे, बँकांचा आणि विमा कंपन्यांचा फार मोठा डोलारा तिच्यावर उभा आहे, आणि त्यातला बराच कोड अजून २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ च्या काळातला आहे. शिकायची असेल, तर आठव्या आवृत्तीवर न थांबता २१ किंवा त्यापुढची शिकावी, पण जुना कोड वाचताही यावा. गो मला स्वतःला आवडते. तिच्यात फक्त २५ राखीव शब्द आहेत आणि डॉकर व कुबरनेटिस यांसारखी, सर्व्हरवर प्रोग्राम चालवण्याची साधने तिच्यात लिहिलेली आहेत. परंतु तुमच्या कार्यालयात त्या प्रकारचे काम नसेल, तर ती सध्या बाजूला ठेवावी.

एक करून पाहा. तुम्ही खरोखर स्वीकारू शकाल अशा, म्हणजे कोल्हापुरात राहून करता येतील अशाच नोकऱ्यांच्या जाहिराती महिनाभर जमवा. तुम्हाला जाता न येणाऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचून मन विनाकारण खचते. जमवलेल्या जाहिरातींत भाषेच्या नावाशेजारी आणखी काय मागितले आहे, ते लिहून काढा. चाचण्या लिहिणे, गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन), डेटाबेसचे व्यवहार, लिनक्स आणि क्लाउडची तोंडओळख या गोष्टी पुन्हा पुन्हा येतील. त्या कोणत्याही भाषेत शिकता येतात आणि माझ्या मुलाखतींत उमेदवार भाषेपेक्षा तिथेच अधिक अडत.

---

वर्गखोली_क्रमांक_चार

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्या शहरात आणि आसपास अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, दरवर्षी मुले बाहेर पडतात, आणि त्यांच्यातील अनेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. काकांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत असले, तरी एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. दुसरी भाषा केवळ नोकरीच्या चाळणीसाठी किंवा हातातील कामासाठी शिकायची नसते. जी माणसे एकाच भाषेत बरीच वर्षे काम करतात, त्यांना त्या भाषेच्या मर्यादा या प्रोग्रामिंगच्याच मर्यादा वाटू लागतात, आणि हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पीएचपीचेच उदाहरण घेऊ. तिच्या नेहमीच्या रचनेत वापरकर्त्याची विनंती आली की प्रोग्राम सुरू होतो, उत्तर दिले की संपतो, आणि त्याने वापरलेली सर्व स्मृती पुसली जाते. ही फार सोयीची रचना आहे आणि पीएचपी एवढी पसरली त्याचे ते एक मोठे कारण आहे. परंतु त्यामुळे पीएचपीत सात वर्षे काढलेल्या माणसाला महिनोन्महिने अखंड चालणारा प्रोग्राम क्वचितच लिहावा लागतो. स्मृती हळूहळू भरत जाणे, मधेच तुटलेली जोडणी पुन्हा जोडणे, दोन धागे (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामे) एकाच वेळी एकच चलघटक बदलू पाहणे, या अडचणी त्याने वाचलेल्या असतात, भोगलेल्या नसतात. शिरोलीच्या दादांचा भट्टीवरील प्रोग्राम नेमका या जातीचा आहे. पीएचपीशिवाय दुसरे काय केले, असे विचारणाऱ्याच्या मनात कदाचित हाच प्रश्न असतो, फक्त त्याला तो नीट विचारता येत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की दुसरी भाषा पहिलीपेक्षा वेगळ्या स्वभावाची निवडावी. पीएचपीनंतर तिच्याच पद्धतीने वापरली जाणारी आणखी एक भाषा घेतली, तर नवी नावे पाठ होतात, नवे काही समजत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने पीएचपीनंतर टाइपस्क्रिप्ट घेतली. २०१२ मध्ये आलेली ही भाषा जावास्क्रिप्टला प्रकारांची शिस्त लावते. चार महिन्यांनी तो मला भेटला, तेव्हा टाइपस्क्रिप्टपेक्षा पीएचपीविषयीच अधिक बोलत होता. फलनाला येणाऱ्या पूर्णांक, मजकूर अशा साध्या मूल्यांचे प्रकार लिहिण्याची सोय पीएचपीत डिसेंबर २०१५ च्या ७.० पासून आहे, गुणधर्मांचे प्रकार ७.४ मध्ये आणि एनम (ठरावीक मूल्यांचीच यादी असलेला प्रकार) ८.१ मध्ये आले. या सगळ्याकडे त्याने तोपर्यंत पाहिलेच नव्हते, कारण त्याची गरज काय, हे कळण्यासाठी त्याला बाहेर जाऊन यावे लागले.

टर्बो सी या डॉसच्या काळातील जुन्या साधनाविषयी एक वाक्य लिहिते, कारण तो विषय मला लागतो. जी मुले शाळा-महाविद्यालयांतून अजूनही डॉसच्या निळ्या पडद्यावर सी प्लस प्लस शिकून येतात, त्यांना ती भाषा येते असे वाटते, आणि पहिल्या नोकरीत त्यांना जो धक्का बसतो, त्याची जबाबदारी आम्हा शिकवणाऱ्यांची आहे.

---

तिसरे_वर्ष_कॉम्प्युटर

सर्वांना नमस्कार. मी विद्यार्थी आहे. आता एआय साधने कोणत्याही भाषेत कोड लिहून देतात, मग नवी भाषा शिकण्यात वर्ष घालवणे योग्य आहे का? आमच्या वर्गात यावरून दोन तट पडले आहेत.

---

शिरोली_फाउंड्री

मी ती साधने रोज वापरतो आणि मला त्यांचा फार उपयोग होतो. दुसऱ्या भट्टीचा प्रोग्राम अशाच साधनाने अर्ध्या तासात लिहून दिला. परंतु त्या यंत्रात रजिस्टरांचा क्रम कोणता आहे, हे त्याला ठाऊक नव्हते आणि त्याने एक क्रम खात्रीने लिहून टाकला. पॅनेलवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवून मी पाहिला म्हणून चूक सापडली. कोड कोणी लिहिला, यापेक्षा तो वाचून चूक कुठे असू शकते ते ओळखता येते का, हे महत्त्वाचे आहे, आणि वाचता येण्यासाठी भाषा यावी लागते.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. मध्यंतरी घरी आजारपण होते.

प्रथम काकांसाठी. मायएसक्यूएल ८ वर गेलो, पावत्यांच्या तक्त्यावर इंडेक्स घातला, लूपमधील तिन्ही क्वेऱ्या काढून एक केली आणि चढत्या बेरजेसाठी विंडो फंक्शन वापरले. गेल्या हंगामाची विदा घेऊन चाचणी केली. चाळीस मिनिटांचे बिल एका मिनिटाच्या आत झाले. मालक तीन वेळा पुन्हा चालवून पाहत होते. मात्र जुन्या आणि नव्या बेरजांत काही सभासदांच्या नावे पाच-सात पैशांचा फरक आला आणि मी दोन रात्री त्यामागे घालवल्या. जुन्या कोडमध्ये रक्कम पीएचपीच्या फ्लोटमध्ये, म्हणजे द्विमान पद्धतीच्या अपूर्णांकात, साठत होती आणि ०.१ सारखी संख्या द्विमानात पुरती मावत नसल्याने पैसे इकडेतिकडे होत होते. आता सर्व रकमा डेसिमल, म्हणजे दशमान पद्धतीने नेमक्या साठवणाऱ्या, प्रकारात आहेत. शेतकऱ्याच्या बिलातील पाच पैसे का होईनात, ते माझ्या कोडमुळे चुकत होते, ही गोष्ट मला लागून राहिली आहे. आधीच्या हंगामांतील फरक काढून त्याची यादी मी कारखान्याच्या लेखा विभागाला देणार आहे.

जाहिरातींचा उपायही केला. घरून करता येणाऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती वेगळ्या काढल्यावर बहुतेकांत गिट आणि चाचण्या लिहिण्याचा अनुभव मागितलेला दिसला. आमच्याकडे कोडच्या प्रती तारखेच्या नावाने फोल्डर करून ठेवतात. गिट मी पुढच्याच आठवड्यात सुरू केले आणि नव्या बिलाच्या क्वेरीसाठी चाचण्या लिहिल्या. पैशांचा फरक त्या चाचण्यांतूनच बाहेर आला होता.

भाषेबाबत मी पायथनचा निर्णय घेतला आहे. जावासाठी लागणारा सलग वेळ सध्या माझ्याकडे नाही, आणि एक पायरी खाली उतरणेही आत्ता घराला परवडणार नाही. पुढचा हंगाम संपल्यावर या दोन्ही गोष्टींचा पुन्हा विचार करीन. निर्णयाचे खरे कारण मात्र काम सापडले, हे आहे. आमच्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावरील इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारी पेटी, सीरियल पोर्टवरून आकडा देतो. तो वाचणारा प्रोग्राम कोणीतरी फार पूर्वी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला आहे. तो एकाच जुन्या संगणकावर चालतो, त्याचा मूळ कोड कोणाकडेही नाही, आणि तो संगणक बंद पडला की गाड्यांची रांग रस्त्यावर येते. हे काम पीएचपीत करणे सोयीचे नाही. प्रोग्राम दिवसरात्र चालला पाहिजे, जोडणी तुटली तर स्वतः जोडली पाहिजे आणि नेटवर्क गेले तरी पावत्या जागीच साठून राहिल्या पाहिजेत. मॅडम, तुम्ही वर्णन केलेल्या सर्व अडचणी यात एकत्र आहेत. नव्या हंगामाला अजून अवधी आहे आणि शनिवारचा अर्धा दिवस यासाठी देण्याचे मालकांनी मान्य केले आहे.

शिरोलीच्या दादांना एक विचारायचे आहे. पोर्टवरून येणारा मजकूर मी वाचते आहे, परंतु बैलगाडी काट्यावर चढत असताना आकडा सतत बदलत राहतो. कोणत्या क्षणीचे वजन खरे मानायचे? एकसारखे पाच आकडे आले की घ्यावे, असे मी लिहिले आहे, पण बैलाने पाय हलवला की ते फसते.

---

शिरोली_फाउंड्री

ताई, पाच आकडे मोजण्याआधी इंडिकेटरकडून येणारी पूर्ण ओळ जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवून पाहा. पुष्कळ इंडिकेटर वजनाच्या आधी स्थितीची अक्षरे पाठवतात. वजन स्थिर असेल तर ‘एस’ आणि ‘टी’, हलत असेल तर ‘यू’ आणि ‘एस’. तुमच्या यंत्रात ही सोय आहे का, आणि असल्यास अक्षरे कोणती, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती असतील तर स्थिरता यंत्रालाच ठरवू द्या, तुम्ही फक्त अक्षरे तपासा. नसतील, तर पाच आकड्यांऐवजी दोन सेकंदांचा अवधी धरा आणि त्या अवधीतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील फरक काट्याच्या एका भागाच्या, म्हणजे तो दाखवू शकतो त्या सर्वांत लहान टप्प्याच्या, आतच आहे का, ते पाहा. आणि रिकाम्या गाडीचे वजन घेतानाही हीच तपासणी लावा. आमच्याकडे भंगाराच्या ट्रकच्या वेळी मी ती विसरलो होतो.